बावन्नच्या बावन्न

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रणगाडे दुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन होते. "जमणार नाही" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसत. घरातला नळ गळो, शेजाऱ्याची स्कूटर अडो, नाहीतर चाळीस वर्षांच्या इंजिनाने मान टाको, उत्तर ठरलेलं, "बघतो, होऊन जाईल." आणि होऊनही जायचं. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी त्याच कारखान्याच्या भांडारात कारकून. मला त्यांनीच चिकटवलं होतं आणि त्या उपकाराची परतफेड मी जन्मभर त्यांची टिंगल करून केली.

जेवायला बसलं की आमची लढाई सुरू. मी विमानांच्या बाजूने, ते रणगाड्यांच्या. खरं सांगायचं तर मला दोन्हींतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाऊजी चिडले की त्यांचे कान लाल व्हायचे आणि ते बघायला मजा यायची.

"विमान येतं, भुर्रकन जातं," ते म्हणायचे. "जमीन धरून कोण बसणार? तुझा बाप?"

"आमचा बाप म्हणजे तुमचे सासरे हो," मी म्हणायचो. ताई दोघांच्याही पानात भात वाढून आम्हाला गप्प करायची.

एका सालापासून मात्र ही थट्टा राहिली नाही. संरक्षणाच्या खर्चाला मोठी कात्री लागली. नवी विमानं घ्यायची, की जुन्या रणगाड्यांना नवी इंजिनं आणि नवे स्टार्टर बसवायचे, यातलं एकच होणार होतं. शेजारच्या छावणीतल्या पलटणीचे बावन्न रणगाडे आमच्या देखरेखीखाली होते आणि त्यातला एक्केचाळीस नंबरचा माझा भाचा चालवायचा. भाऊजींचा एकुलता एक.

बावन्नपैकी धड होते चौतीस. उरलेल्या अठरांचे स्टार्टर नाहीतर बॅटऱ्या गेलेल्या. सुटे भाग येणं केव्हाच बंद झालं होतं. हे अठरा दुसऱ्या रणगाड्याने ओढून चालू करायचे आणि संध्याकाळपर्यंत बंद पडू द्यायचे नाहीत, अशी पलटणीतली तऱ्हा. एरवी ते मागेच ठेवत, पहाऱ्याला वगैरे. एक्केचाळीस त्या अठरांतलाच होता.

पण तपासणीला कोणी आलं की बावन्नच्या बावन्न चालू व्हायचे. त्याची आमच्या कारखान्यातली एक रीत होती; गाडे सोडून छावणीत परतणाऱ्या ड्रायव्हरांना ती ठाऊक नसे. आवारात सव्वीस पुढे, सव्वीस मागे असे उभे करायचे. पुढची रांग सगळी धडधाकट. ती चालू करून दाखवली की पाहुण्यांना चहाला आत न्यायचं आणि चहा चांगला पाऊण तास लांबवायचा. तेवढ्यात पुढच्या रांगेतले अठरा स्टार्टर आणि बॅटऱ्या मागच्या रांगेत जायच्या. बोल्ट आदल्या दिवशीच सैल करून ठेवलेले असत. याची टोपी त्याच्या डोक्यावर, पण इतक्या सफाईने की टोपीलासुद्धा कळू नये. वीस वर्षांत एकही साहेब बंद रणगाडा पाहून गेला नव्हता. चहा लांबवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यात मी पटाईत होतो, हे आज लिहितानाही बोटं जड होतात.

खर्चाचा निर्णय करणारी समिती आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा पलटणीचे ब्रिगेडियर स्वतः कारखान्यात आले. "मास्तर, या खेपेला काही लपवू नका," ते म्हणाले. "जे बंद आहे ते बंदच दिसू दे. तरच इंजिनं मिळतील."

भाऊजी "बरं साहेब" म्हणाले. घरी जेवताना ताईने पुन्हा विषय काढला. "अहो, पोराचा गाडा त्यातलाच आहे. एकदा तरी सांगा ना, नाही चालत म्हणून. तुमचं काय जातंय?"

तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. पण जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "सांगा की भाऊजी! विमानवाले टाळ्या पिटतील. म्हणतील, बघा, मास्तरांचे डबे भंगारात काढायच्या लायकीचे!"

ताई हसली, मी हसलो. भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि ते हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेलो, तर बोल्ट सैल करणं चालू होतं. मी एका शब्दाने विचारलं नाही.

समिती आली. तिच्या अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. पायात साध्या चपला, हातात वही, नजर अशी की समोरच्याने आपोआप शर्टाचं बटण लावावं. पुढची सव्वीस इंजिनं एकामागून एक धडधडली. पुढे सगळे धडधाकटच लावलेले पाहून आवाराच्या टोकाला उभ्या असलेल्या ब्रिगेडियरांचा चेहरा उतरला. मी पाहुण्यांना नकाशाच्या खोलीत नेलं आणि चहा मांडला.

तिथे जुंपली. वायुदलाचे साहेब म्हणाले, "आभाळ दुसऱ्याच्या हातात असेल तर रणगाडा म्हणजे उघड्यावर ठेवलेलं कपाट. वरून कोणीही टिपावं."

ब्रिगेडियर म्हणाले, "आणि खाली माणूसच नसेल तर तुमचं आभाळ कुणासाठी धरून ठेवायचं?"

"पण तुमचे गाडे तर मस्त चाललेत! मग इंजिनं हवीत कशाला?"

ब्रिगेडियरांनी भाऊजींकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून उभे होते, हाताला ग्रीस. बाईंनी वही मिटली. "मास्तर, तुम्ही रोज यांच्यात असता. मला साहेबांचं नको, तुमचं ऐकायचंय. उद्या पहाटे गरज पडली तर यातले खरोखर किती उपयोगी पडतील?"

मी बिस्किटांची बशी धरून उभा होतो. बाहेर मागच्या रांगेत पाना वाजत होता, तो फक्त आम्हा दोघांना ऐकू येत होता. भाऊजींचे कान लाल झाले. मला वाटलं, आता सांगतील.

"बावन्नच्या बावन्न, बाई," ते म्हणाले.

चहानंतर मागची रांगही चालू झाली. एक्केचाळीस तर पहिल्याच फटक्यात. बाईंनी भाऊजींची पाठ थोपटली आणि तपासणीचा कागद पुढे केला. भाऊजींनी तिथेच सही केली. छाती फुगल्यासारखी वाटली नाही त्यांची, उलट ते थकलेले दिसले. मी मात्र मनात म्हटलं, अब्रू राहिली.

अहवाल महिन्याभरात आला. रणगाडे उत्तम स्थितीत, इंजिनांचा खर्च सात वर्षं पुढे ढकलावा, पैसा विमानांकडे वळवावा. (पुढच्या कात्रीत विमानंही निम्मी झाली, ती गोष्ट निराळी.) स्टार्टर आणि बॅटऱ्या तपासणीच्याच संध्याकाळी आपापल्या मूळ जागी गेल्या होत्या. अठराही आपापल्या मूळ अवस्थेत छावणीत परतले. पण कागदावर आता सगळेच धड होते. कागद वाचणाऱ्या वरच्या साहेबांनी वार्षिक सरावाला बावन्नही रांगेत लावले.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, धुळीच्या लोटात एक्केचाळीस बंद पडला. स्टार्टर फिरेना. भाचा खाली उतरून मागे इंजिनापाशी गेला. मागून येणाऱ्या रणगाड्याच्या ड्रायव्हरला धुळीत ना एक्केचाळीस दिसला ना माणूस. भाच्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

आम्ही तिघं इस्पितळात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. खोलीला फिनेलचा वास. ताई त्याच्या उशाशी बसली, भाऊजी पायथ्याशी, चादर जिथे सपाट होती तिथे. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

मीच विचारलं, "अरे, ड्रायव्हरला लिहून देता येतं ना, गाडा अयोग्य आहे म्हणून? मग रांगेत नेत नाहीत. का नाही लिहिलंस?"

"लिहिणार होतो, मामा. पण तपासणीच्या कागदावर बाबांची सही होती. कारखान्यात पहिल्या फटक्यात चालू झाला म्हणे. आणि माझ्याकडे आला तर पुन्हा मुका." तो बापाकडे बघून ओशाळं हसला. "म्हटलं, तुम्ही धड करून दिला होता, म्हणजे माझ्याच हातून काहीतरी जळलं असणार. लोक म्हणाले असते, मास्तरांनी नीट केलेला गाडा त्यांच्याच पोराने बिघडवला. तुमची मान खाली गेली असती."

भाऊजींनी तोंड उघडलं. "तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. मग ते उठून व्हरांड्यात गेले आणि तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, भिंतीकडे तोंड करून रडले. मी जाऊन खांद्यावर हात ठेवला. आत जाऊन सांगा, असं म्हणायला हवं होतं. मी पाणी आणून दिलं.

निवृत्तीनंतर ते नऊ वर्षं जगले. पोराला रोज सकाळी लाकडी पायाचे पट्टे स्वतः बांधून द्यायचे, तो नको म्हणाला तरी. त्या चहाबद्दल त्याला कधी बोलले नाहीत. ताईला तर चहाच्या वेळची ती अदलाबदल ठाऊकच नव्हती. भाऊजी गेले, त्यालाही आता चार वर्षं होतील.

भाचा हल्ली एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो. भेटला की इकडचं तिकडचं बोलतो, आणि मध्येच तेच विचारतो.

"मामा, तुम्ही भांडारात होतात. तुम्हाला काय वाटतं, स्टार्टर मीच जाळला असेन का हो?"

मी म्हणतो, "जुनी गोष्ट आहे, सोड आता."