आधी कडी, मग किल्ला

मेव्हण्याचा फोन आला तेव्हा मी डिंभे धरणाच्या पाण्याकाठी उभा होतो. एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट ठरलं होतं, त्यासाठी जागा बघायला गेलो होतो. वैशाली, माझी बायको आणि आमच्या मंचरच्या स्टुडिओतली माझी भागीदार, त्या दिवशी माहेरी निरगुडसरला गेली होती. मेव्हणा एरवी पीकपाण्याचं बोलल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "दाजी, तुमी निघा. गाडी हळू चालवा, पर निघा." हळू चालवा म्हणाला तेव्हाच मला कळलं. घाई करून काही उपयोग असता तर तो हळू चालवा म्हणाला नसता. अंगणात भांडी घासताना तिला भोवळ आली आणि ती पुन्हा उठली नाही... डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल सांगत होते, मी नुसती मान हलवत होतो. त्या दुपारी काढलेले पाण्याचे फोटो अजून कॅमेऱ्यात आहेत. चांगले आले आहेत, आणि त्याचाच मला राग येतो.

आमच्या धंद्याबद्दल कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, फोटो साहेब काढतात, जागा मॅडम बघतात. ते पूर्ण खरं नव्हतं. जागा मीच बघायचो, वैशाली दारं बघायची. मी कड्याकडे, झाडाकडे, पाण्याकडे तोंड करून उभा असायचो, तेव्हा ही बाई पाठ फिरवून जवळपासच्या घरांकडे चालू लागलेली असायची. कारण साधं होतं. शूटमध्ये नवरीला तीन-चार वेळा कपडे बदलावे लागतात आणि डोंगरात त्यासाठी आडोसा नसतो. आमच्या सुरुवातीच्या काळात भीमाशंकरच्या रस्त्यावर एका मुलीने गाडीमागे, वैशालीने धरलेल्या चादरीआड साडी बदलली. वारा सुटला, चादर उडाली, आणि नेमकी तेव्हाच पर्यटकांनी भरलेली जीप वळणावरून आली. कुणी वाईट वागलं नाही, जीप निघून गेली. पण त्या मुलीचा चेहरा जो उतरला तो संध्याकाळपर्यंत. तिच्या एकाही फोटोत हसू नाही. त्या दिवसापासून वैशालीचा नियम ठरला: आधी कडी, मग किल्ला. ज्या जागेजवळ आतून कडी लागणारी खोली मिळत नाही, ती जागा कितीही सुंदर असली तरी बाद. माझ्या किती सुरेख जागा या बाईने अशा बाद केल्या, आठवलं की तेव्हा चिडायचो. आता त्या जागा डोळ्यांसमोर येतात आणि प्रत्येकीजवळचं एखादं घरच आधी आठवतं.

घाटघरचं हिराबाईंचं घर तिने असंच शोधलं. नाणेघाटाकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत, मागे भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे जीवधन किल्ला. हिराबाई पन्नाशीच्या, पोरगी सविता तेव्हा शाळेत. त्यांनी भाताची पोती ठेवायची खोली मोकळ्या मनाने दिली. दाराला कडी होती, पण बाहेरून. वैशाली म्हणाली, आजच्या दिवस चालेल. मग ती त्या दिवशीच्या नवरीला घेऊन आत गेली, आणि हिराबाईंनी कुणी आत जाऊ नये म्हणून मोठ्या काळजीने बाहेरून कडी घातली आणि गुरं आणायला निघून गेल्या. तिथे फोनला रेंज नाही. इकडे नाणेघाटाच्या तोंडाशी मी आणि पुण्याचा तो सुटाबुटातला नवरदेव शेंगदाणे खात बसलो. सूर्य कोकणात उतरला, पार मावळला, तरी नवरीचा पत्ता नाही. अंधार पडता पडता परत आलो तर हिराबाई कपाळावर हात मारत दार उघडत होत्या आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. नवरीने पोत्यावर बसून आपल्या सासूची नक्कल करून दाखवली होती म्हणे. पुढच्या खेपेला वैशालीने जुन्नरच्या बाजारातून कडी-कोयंडा घेतला आणि आतल्या बाजूने स्वतः ठोकला. मला हात लावू दिला नाही. कडी थोडी वाकडी बसली. ती लावायला दार जरा उचलावं लागतं.

त्यानंतर आमच्या कितीतरी नवऱ्या त्या खोलीत तयार झाल्या. मी अंगणात दाराकडे पाठ करून उभा राहायचो, आतून कडी पडल्याचा आवाज यायचा, मग बांगड्या, कुजबुज, हसणं, आणि बऱ्याच वेळाने वैशालीची हाक, "चला, झालं." सविता दाराशी राखण करायची. आमचं भांडण व्हायचं ते उजेडावरून. मी संध्याकाळचा माणूस, सोनेरी ऊन मला त्याच वेळी दिसतं. वैशाली म्हणायची, सकाळचं बघा एकदा. मी गिऱ्हाइकांसमोर सांगायचो की हिला दारातलं कळतं, उजेडातलं काही कळत नाही. ती हसून म्हणायची, "यांना उठायचा कंटाळा आहे, म्हणून संध्याकाळ." दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या होत्या.

ती गेल्यावर मी स्टुडिओचं शटर उघडलंच नाही. हाती घेतलेली कामं ओळखीच्या फोटोग्राफरांना देऊन टाकली. लग्नाचे फोटो काढणं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या आनंदाकडे डोळा लावून बसणं, आणि ते माझ्याच्याने होईल असं वाटत नव्हतं. अजूनही पुरतं वाटत नाही. तेराव्यानंतर काही दिवसांनी हिराबाई एसटीने मंचरला आल्या. त्यांना बातमी उशिरा कळली होती. येताना फडक्यात बांधून तांदूळ आणले होते. बराच वेळ वैशालीच्या फोटोसमोर बसल्या, पदर तोंडाला लावून. निघताना उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, सवीचं लगीन ठरलंय, तुळशीच्या लग्नामागं. ताईनी तिला शबूद दिला व्हता, तुझं फोटू आमीच काढणार म्हणून. पर आता ऱ्हाऊ द्या. तुमच्या जिवाला तरास नको." त्या रस्त्याला लागल्या. मी मागून गाठून सांगितलं की जागा बघायला येतो.

गेलो तेव्हा खाचरांतलं भात पिवळं झालं होतं. मी सवयीप्रमाणे कॅमेरा घेऊन नाणेघाटाकडे निघालो. सविताने मला हटकलं. आता ती मोठी झालीय, जुन्नरला नर्सिंग शिकली, पण बोलायचा संकोच तोच. म्हणाली, जागा बघून झालीय, ताईंनीच बघितलीय. मला तर हे नवीनच होतं. तिने मला घरामागच्या बांधावर नेलं. तिथे एक जांभळीचं झाड आहे, इतकं साधं की इतक्या वर्षांत मी त्याचा एक फोटो काढला नव्हता. उन्हाळ्यात मी घाटाकडे शूट करत असताना वैशालीने तिला इथे उभं करून मागे-पुढे सरकवून पाहिलं होतं. मी म्हणालो, बरं आहे, संध्याकाळी करू. सविता खाली बघत हसली आणि मग तिचे डोळे भरले.

"ताई म्हणल्या व्हत्या, सर संध्याकाळचं म्हणतील. त्यांचं ऐकू नको. सकाळी लवकर बोलव."

मी बांधावरच बसलो. मला रडू आलं ते आवरलं नाही. घरी, स्मशानात, दहाव्याला जे आलं नव्हतं ते तिथे जांभळीखाली आलं... सविता शेजारी उभी राहिली. मेलेलं माणूस आपल्याशी भांडायला आलं, याचा आनंद किती होतो हे ज्याला झालाय त्यालाच कळेल.

लग्नाआधी, सविताच्या एकटीच्या फोटोंसाठी ठरलेल्या दिवशी, उजाडता उजाडता घाटघरला पोचलो. ऊन वर आलं तसा जीवधनाचा कडा समोर उजळत गेला, भातावर दव होतं. संध्याकाळी हाच किल्ला नुसता काळा दिसतो. तिचं बरोबर होतं, आणि ते तिला सांगायला ती नव्हती. हिराबाई चुलीशी चहा करत होत्या. मदतीला येऊ का, असं त्यांनी विचारलं, तर सविता म्हणाली, "नगं आई. ताईनी शिकवलंय, माझी मी नेसते." ती खोलीत गेली. मी अंगणात दाराकडे पाठ करून उभा राहिलो. आतून तिने दार जरासं उचललं आणि कडी पडली.

आत बांगड्या वाजल्या. हसणं नव्हतं. चहा आला, गार झाला. मग कडी निघाली, पण हाक आली नाही, म्हणून मीच मागे वळलो. सविता हिरव्या साडीत उंबऱ्यावर उभी होती, फार छान दिसत होती. ती पायरी उतरून अंगणात आली आणि बांधाकडे चालू लागली. मी मात्र उघड्या दाराकडे बघत तिथेच थांबलो. तिच्या मागून आणखी एक जण बाहेर यायचं राहिलं होतं.