पलंगांच्या कारखान्यात दादाचा आवाज

माझा दादा एकदा बोलायला लागला की आईला स्वयंपाकघरातून सांगावं लागायचं, "अरे, मध्ये श्वास तरी घे." ऑफिसात त्याला 'रेडिओ' म्हणायचे. पोटापाण्याचा उद्योगही त्यानं असा निवडला होता की बोलण्याची हौस परस्पर भागावी. कारखान्यांमध्ये जाऊन तो ईआरपी बसवतो. म्हणजे खरेदी, गोदाम, उत्पादन, विक्री, पगार असा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचा, आणि एका खात्यानं केलेली नोंद दुसऱ्या खात्याला तिथल्या तिथे दिसेल अशी सोय करायची. आधी ते सर्व्हरवर चढवायचं, मग त्या कारखान्याच्या मापानं बेतायचं आणि शेवटी तिथल्या माणसांना शिकवायचं. या शेवटच्या भागासाठीच आपण आधीचे दोन सोसतो, असं तो म्हणायचा. सर्व्हर म्हणजे काय, असं कुणी सहज विचारलं तरी तो कप खाली ठेवून समजवायला बसायचा आणि विचारणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

मग त्याच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती पूर्ण काढली, पण स्वरयंत्राकडे जाणारी एक नस तिच्यात इतकी गुरफटली होती की तीही काढावी लागली. जीव वाचला. आवाजाच्या जागी नुसती हवा उरली. अगदी कान लावला तर शब्द कळायचे, नाहीतर कुणीतरी सुस्कारा सोडतंय असंच वाटायचं.

दादा घरी आला आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटायला लागलं. वहिनी जेवताना टीव्ही बंद ठेवायची, पंखा कमी करायची, म्हणजे तो काही बोललाच तर ऐकू यावं. पण तो बोलायचाच नाही. मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचा. मी फोन केला की वहिनीच बोलायची आणि मध्येच सांगायची, "तो मान हलवतोय, वन्सं." फोनवर हलवलेल्या मानेचं मी काय करणार? मी पलीकडे हो हो म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर रडायचे.

त्याचे साहेब भला माणूस. सुट्टी संपल्यावर त्यांनी घरी येऊन सांगितलं, "तू फक्त सर्व्हर सांभाळ. शिकवायला दुसरा कुणीतरी येईल. मशीनशी बोलावं लागत नाही." दादाला ते बरं वाटलं आणि लागलंही.

काम होतं दवाखान्यांसाठी पलंग बनवणाऱ्या कारखान्यात. डोक्याकडची बाजू वर करता येते, तसले लोखंडी पलंग. सर्व्हरची खोली हिशेबनिसांच्या ऑफिसामागे होती. एक बिनखिडकीची अरुंद जागा, भिंतीला कपाटाएवढा रॅक, वर सतत चालणारा एसी, आणि कुणीतरी विसरून गेलेला स्वेटर. दादा तो स्वेटर घालून बसायला लागला. तिथे त्याला कुणी काही विचारत नव्हतं, हीच मोठी सोय होती. आधी त्यानं डेटाबेस बसवला, मग त्यावर मुख्य सॉफ्टवेअर. ते चढलं, पण सुरू होईना. सर्व्हरला बाहेरच्यांशी बोलायला पोर्ट असतात, नंबर घातलेल्या खिडक्यांसारखे. नव्या सॉफ्टवेअरला लागणारी खिडकी हजेरीचा एक जुना प्रोग्रॅम अडवून बसला होता. दादानं त्याला दुसरी खिडकी दिली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, आणि पडद्यावर लॉगिनचं पान उमटलं. त्यानं ते पान बराच वेळ नुसतं बघितलं. मला नंतर म्हणाला, "ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी सांगितलेलं कुणीतरी एका दमात ऐकलं."

पुढे बेतण्याचं काम. गोदामं किती, कुठल्या पलंगाला कुठले सुटे भाग लागतात, कुणाला काय दिसावं आणि कुणाला दिसू नये, कुणाच्या मंजुरीशिवाय खरेदी पुढे सरकू नये, हे सगळं एकेक करून भरायचं. खातेप्रमुख त्याला माहिती ईमेलनं पाठवायचे, तो ईमेलनं शंका विचारायचा. गाडी रुळावर होती.

आणि शिकवणीच्या तोंडावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याची बायको वेळेआधीच बाळंत झाली. बाळ आणि बाळंतीण दोघंही सुखरूप होती, पण तो काही आता यायचा नव्हता. साहेबांचा दादाला फोन आला. साहेब म्हणाले, "माइक घे आणि जमेल तेवढं कर. दुसरा माणूस आत्ता माझ्याकडे नाही."

वर्ग कॅन्टीनमध्ये होता, पाइप कापायच्या, म्हणजे कटिंगच्या शेडला लागून. दादानं माइक तोंडाशी धरला आणि बोलायला सुरुवात केली. त्याची कुजबुज स्पीकरमधून बाहेर आली ती कुठेतरी हवा गळावी तशी. मागच्या बाकावरचा एक फिटर खरोखरच उठला आणि भिंतीवरच्या कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनचा कॉक घट्ट करून आला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दादानं ते पाहिलं. त्यानं माइक खाली ठेवला, हात जोडले आणि सर्व्हरच्या खोलीत निघून गेला.

तिथे बसून त्यानं साहेबांना ईमेल लिहायला घेतला की मला जमणार नाही, मला यातून मोकळं करा. लिहून होतंय तोवर दार वाजलं. दारात स्टोअरच्या ताई उभ्या होत्या. कच्च्या मालाचं गोदाम त्या सांभाळायच्या, म्हणून सगळा कारखाना त्यांना 'स्टोअरताई' म्हणायचा. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि आवाज असा की शेडच्या या टोकाला त्यांनी हाक मारली की त्या टोकाचा माणूस हातातलं काम सोडून बघायचा.

"सर, इथे काय थंडीत बसलाय," त्या म्हणाल्या. "चला. तुम्ही मला सांगा, मी त्यांना सांगते."

दादानं मान हलवून नको म्हटलं.

"का नको? माझा आवाज फुकट जातोय. घरचे वैतागलेत त्याला."

दादा काहीतरी पुटपुटला. ताईंनी पुढे होऊन कान दिला. तो म्हणत होता, "तुम्हाला त्रास."

"त्रास कसला? माझी धाकटी बहीण जन्मापासून बोलत नाही, तिला ऐकूही येत नाही. दुकानात, बँकेत, शाळेत, सगळीकडे तिच्या वतीनं मीच बोलत आले. मला सवय आहे. उलट ती सासरी गेल्यापासून चुकल्यासारखं होतं." मग खुर्ची ओढून त्या समोर बसल्या. "एक सांगू का? राग मानू नका. तुम्ही बोलायला लागता तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. आधी टेबलावर बोटं वाजवा. लोक बघतील. तोंडाकडे बघितलं की निम्मं तसंच कळतं. माझी बहीण तेच करते."

दादानं शेजारच्या टेबलावर बोटं वाजवली. ताईंनी बघितलं. तो म्हणाला, "चला."

दुसऱ्या वर्गात तो पडद्यासमोर आणि त्या त्याच्या शेजारी. दादा त्यांच्या कानात सांगायचा, त्या सगळ्यांना सांगायच्या. आधी नुसती गंमत झाली. ताईंना आपल्या पद्धतीनं सांगायची सवय. दादा म्हणाला, "पासवर्ड कुणालाही देऊ नये." ताई गरजल्या, "पासवर्ड म्हणजे टूथब्रश. आपला आपणच वापरायचा, आणि मिस्त्री, तुम्ही तर तो भिंतीवर लिहून ठेवाल, मी ओळखून आहे." सगळे हसले. कटिंगचे मिस्त्री सगळ्यांत आधी हसले, म्हणजे ते तसंच करणार होते.

पण हळूहळू दादाच्या लक्षात यायला लागलं की हा वर्ग त्याच्या आधीच्या वर्गांपेक्षा चांगला चाललाय. एक तर त्याला फार बोलताच येत नव्हतं, घसा लगेच दुखायचा. त्यामुळे तो कामाचं तेवढंच सांगायचा. दुसरं म्हणजे ताईंना जे समजलं नाही ते त्या पुढे पाठवत नसत. "थांबा सर, हे माझ्याच डोक्यावरून गेलं," असं म्हणून पुन्हा कान पुढे करायच्या. दादा दुसऱ्या तऱ्हेनं सांगायचा, तिसऱ्या तऱ्हेनं सांगायचा, आणि मग ते त्यांच्या तोंडून बाहेर पडायचं तेव्हा ते समजलेल्या माणसाचं बोलणं असायचं. दादा मला म्हणाला, "इतकी वर्षं मी बोलत होतो ते खोलीत फिरून माझ्याकडेच परत यायचं बहुतेक. मी ते ऐकून खूश व्हायचो."

मग चाचणी आली. सॉफ्टवेअर खरं चालू करायच्या आधी नकली ऑर्डर टाकून ते नीट चालतंय का ते बघतात. सगळे खातेप्रमुख कॅन्टीनमध्ये जमले. पडद्यावर थोड्याशा पलंगांची ऑर्डर टाकली आणि विचारलं, की यासाठी किती माल मागवावा लागेल? सर्व्हरनं थोडा विचार केला आणि उत्तर दिलं. गाद्या ठीक. चाकं ठीक. आणि लोखंडी पाइप इतका, की तो रस्त्यावर अंथरला असता तर शहराबाहेर पडून पुढच्या शहरात शिरला असता.

दादा पडद्याजवळ गेला. त्याला कळायला वेळ लागला नाही. पाइप विकत घेतात किलोवर आणि वापरतात फुटावर. एका किलोत किती फूट हे प्रमाण सॉफ्टवेअरला सांगून ठेवावं लागतं, आणि दादानं ते उलटं भरलं होतं. त्यानं टेबलावर बोटं वाजवली. सगळ्यांनी बघितलं. त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, म्हणजे चूक माझी.

कटिंगचे मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "सर, मागवून टाका. माझ्या नातवंडांनाही कापायला पुरेल."

आणि दादा हसायला लागला. त्या हसण्याला आवाज नव्हता. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यानं टेबलाला धरलं होतं. त्याला बघून ताई हसल्या, मग सगळेच. ऑपरेशननंतर तो हसलाच नव्हता. वहिनीला हे कळलं तेव्हा तिनं मला फोन करून आधी तेच सांगितलं. कारखान्याचं काय झालं ते नंतर.

दादानं प्रमाण सुलटं केलं, चाचणी पुन्हा घेतली, आकडे जागेवर आले. ठरल्या दिवशी जुन्या पद्धतीच्या नोंदी बंद झाल्या आणि सॉफ्टवेअर चालू झालं. एका दवाखान्याची खरी ऑर्डर आली, ताईंच्या पडद्यावर मालाची मागणी उमटली, मिस्त्रींच्या प्रिंटरमधून पाइप किती लांबीचे कापायचे त्याचा कागद बाहेर आला. मिस्त्रींनी तो वाचला, खिशात घातला आणि कामाला लागले. एवढंच. या धंद्यात काम चांगलं झालं की काहीच घडत नाही.

निघायच्या दिवशी कारखान्याच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना शेडमध्ये चहाला बोलावलं. दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ताई सवयीनं पुढे आल्या आणि कान दिला. दादा बराच वेळ बोलत होता. ताईंनी ऐकलं, आणि नेहमीसारखं लोकांकडे वळून तोंड उघडलं, पण त्यांना बोलता येईना. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला, तो काढून त्यांनी पुसला.

"सर, हे तुमचं तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

शेडमध्ये यंत्रं चालू होती. दादानं इकडेतिकडे बघितलं. मिस्त्री गेले आणि त्यांनी कटिंगचं मशीन बंद केलं. कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला, कुणी पंखे. दिवसाउजेडी तो कारखाना इतका गप्प झालेला कुणी पाहिला नव्हता. दादा आपल्या त्या हवेच्या आवाजात बोलला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. तो म्हणाला, "मी इथे आलो तो माझं बोलणं संपलं असं समजून. या ताईंनी मला त्यांचा आवाज वापरायला दिला आणि बदल्यात काही मागितलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलंत, कंटाळला नाहीत. मला माझं काम परत मिळालं. मी तुमचा फार आभारी आहे."

मालकीणबाईंनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, पण कुणीच वाजवल्या नाहीत. सगळे एकेक करून आले आणि त्याच्याशी हात मिळवून गेले. तो कॉक घट्ट करणारा फिटरही आला.

दादा आता पुन्हा कारखान्यांमध्ये जाऊन शिकवतो. जिथे जाईल तिथल्या एखाद्या माणसाला पहिल्याच दिवशी विचारतो, "माझ्या वतीनं बोलाल का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. साहेब म्हणतात की त्याच्या हातचे कारखाने मदतीसाठी कमी फोन करतात. व्यायामानं त्याचा आवाज किंचित भरलाय, सकाळच्या वेळी एखादा शब्द चक्क खणखणीत निघतो. स्टोअरताईंना साहेबांनी नोकरी देऊ केली होती. "माझं स्टोअर कोण बघणार?" म्हणून त्यांनी ती नाकारली.

मागच्या महिन्यात वहिनीनं त्यांना आणि त्यांच्या बहिणीला जेवायला बोलावलं होतं. मीही गेले. बहीण आणि दादा एका बाजूला बसले आणि हातवारे करत, ओठ हलवत जेवण होईपर्यंत गप्पा मारत राहिले. मध्येच दोघंही हसत होते. ताईंनी मला विचारलं, "काय बोलताहेत हो हे दोघं?"

मला कळत नव्हतं. वहिनीलाही नाही. "दादाचं जेवण गार होतंय एवढं खरं," मी म्हटलं, आणि वहिनीनं त्याचं ताट उचलून पुन्हा गरम करायला नेलं.