ममताचा दुसरा आयडी

"अजी, माझा ईमेल उघडून नाही राहिला," ममता काउंटरसमोर येऊन म्हणाली.

ममता माझी बायको. आमगावात स्टेशनच्या रस्त्यावर माझा सायबर कॅफे होता. ही २००८-०९ च्या सुमाराची गोष्ट. घरी इंटरनेट कोणाकडेच नव्हतं. निकाल पाहायचा, अर्ज भरायचा, ईमेल करायचा, तर माणूस आमच्याकडे येऊन बसायचा. अर्ध्या तालुक्याचे आयडी मी माझ्या हाताने काढून दिले होते. बायकोचा काढल्याचं मात्र मला आठवत नव्हतं.

"तुझा ईमेल? कोणी काढून दिला?"

"हेमराजभाऊनं."

दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून मी नुसतं समोरच्या दुकानाकडे पाहिलं.

हेमराजचा कॅफे माझ्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. माझ्यामागून उघडला आणि माझ्यापुढे गेला. त्याच्याकडे एसी, गुबगुबीत खुर्च्या आणि लोडशेडिंगमध्येही सगळे कॉम्प्युटर चालवणारा मोठा इन्व्हर्टर. लाइट गेली की माझ्याकडची माणसं उठून तिकडे जायची आणि मी अंधारात बसून त्यांच्या पाठी बघायचो. जळायचो, सरळ सांगतो. त्याचा इन्व्हर्टर जळावा म्हणून नवस बोलायचा तेवढा बाकी होता.

पण एसी-खुर्च्या एक वेळ सोडून देऊ. माझ्या पोटात खरी आग होती ती एका छोट्याशा चौकोनाची.

ईमेल खातं उघडताना कंपनी विचारते, तुमचा दुसरा एखादा ईमेल आहे का? चौकोनात लिहायच्या त्या पत्त्याला म्हणायचं पर्यायी ईमेल. तुम्ही पासवर्ड विसरलात किंवा कोणी तुमचं खातं बळकावलं, तर नवा पासवर्ड करायची लिंक त्या दुसऱ्या पत्त्यावर येते. म्हणजे ती घराची जादा चावी समजा. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचं दुसरं खातं काढायला लावायचो. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि अधूनमधून ते उघडत जा, असं बजावायचो. लोक वैतागायचे. एक आयडी लक्षात राहत नाही आणि हा दुसरा काढायला लावते, असं माझ्या तोंडावर म्हणायचे.

हेमराज काय करायचा? सगळ्यांच्या चौकोनात स्वतःचाच आयडी टाकून द्यायचा. "भुलले तं मी हाय ना, टेन्शन कायले घेता?" एवढं म्हटलं की काम झालं. लोक खूश. "तिकडे झंझट नाही," असं मला माझ्याच दुकानात बसून सांगायचे.

आणि त्या 'झंझट नाही'त आता माझी बायको होती.

"माझ्याकडे काऊन नाही आली?" मी हळू आवाजात विचारलं.

"तुमी शिकवता कमी अन् ओरडता जास्त. तो बसा म्हणते, पाणी देते."

मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे. पण ते पाणी माझ्या डोक्यात बसलं. किती वेळ बसली असेल ही तिथे? काय काय बोलली असेल? हेमराज दिसायला बरा होता, हेही मला त्याच वेळी आठवायचं होतं.

मग तिने कारण सांगितलं. देवरीकडच्या एका निवासी शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. ममता डी.एड. झालेली, लग्नापासून घरात. तिने मला न सांगता अर्ज केला होता. मुलाखतीची तारीख ईमेलवर कळवू, असं जाहिरातीत होतं. शाळेचा फोन नंबर दिलाच नव्हता. आणि आता खातं उघडत नव्हतं.

मी माझ्या आयडीवरून शाळेला मेल टाकला. दुपारपर्यंत उत्तर नाही. शेवटी रस्ता ओलांडावा लागला.

"या पटलेभाऊ! आज रस्ता भुलले का?" हेमराजने मला आडनावाने हाक मारली. वहिनीला त्याने आधी खुर्ची दिली. मी उभा.

भानगड अशी होती. ममताचा पासवर्ड हेमराजच्या कॉम्प्युटरमध्ये सेव्ह केलेला होता. बसलं की खातं आपोआप उघडायचं, त्यामुळे तिला तो कधी टाकावाच लागला नाही. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, हेमराजने सगळे फॉरमॅट मारले, म्हणजे आतलं सगळं पुसून पाटी कोरी केली. पासवर्डही पुसले गेले.

"मग तुझ्या आयडीवर लिंक मागव. पर्यायी तूच आहेस ना?" मी म्हणालो.

हेमराजने कपाळ पुसलं. एसी चालू होता. "भाऊ, माझाही पासवर्ड तेच्यातच सेव्ह होता."

"तुझा पर्यायी?"

"जुना एक हाय, दुसऱ्या कंपनीचा. तो पण नाही चालून राहिला. असा आयडीच नाही म्हणते."

काय झालं ते मी लगेच ओळखलं. फुकटचं खातं बरेच महिने उघडलं नाही तर तेव्हा काही कंपन्या ते बंद करून टाकायच्या. आणि ते नाव पुन्हा मोकळं व्हायचं. मी त्याला हे सावकाश, चवीने समजावून सांगितलं. त्याच्या भरवशावर बसलेली सगळी माणसं आता रस्त्यावर आली होती. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"मंग माझी मुलाखत गेली का?" ममताने विचारलं. ती रडत नव्हती, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझी चव गेली.

मी खुर्ची ओढली. हेमराजचं जुनं नाव त्या दुसऱ्या कंपनीच्या साइटवर टाकून पाहिलं. नाव उपलब्ध होतं. कोणीही घेऊ शकत होतं.

कोणीही, म्हणजे मीसुद्धा. हे नाव घेतलं की हेमराजचं खातं हातात. हेमराजचं खातं हातात आलं की त्याने काढून दिलेलं प्रत्येक खातं हातात. हे मी माझ्या दुकानात बसून, त्याला पत्ता न लागू देता करू शकलो असतो. पासवर्डच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता आणि हेमराज म्हणाला, "टाका ना भाऊ तुमीच काहीतरी. तुमच्यावर भरोसा हाय."

हा भरोसाच तर त्याचा धंदा होता. मला त्याचा राग आला.

"तूच टाक," मी ओरडलो. या वेळी खरंच ओरडलो. "अन् आम्हाला दिसू देऊ नको."

त्याने टाकला. नवं खातं तयार झालं. त्यावर लिंक आली, त्याचं नेहमीचं खातं उघडलं. आत त्याने काढून दिलेल्या खात्यांच्या, पर्यायी म्हणून त्याला आलेल्या स्वागताच्या मेलची रांग होती. कामठ्याचे, सालेकशाचे, फुलचूरचे लोक. कितीतरी नावं माझ्या ओळखीची. माझीच गिऱ्हाईकं, एकामागून एक. मी स्क्रीनवरून नजर काढली.

मग ममताची लिंक आली. शाळेचा मेल पोचलेला होता. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळीच.

मी तिला मोटारसायकलवर देवरीला नेलं. तिची निवड झाली.

हेमराजने सगळ्यांना बोलावून पासवर्ड बदलून दिले. 'गेलेलं खातं परत मिळवून दिलं जाईल' असा बोर्ड लावला. त्याची गर्दी आणखी वाढली. लोक म्हणाले, काही म्हणा, हेमराज कामाचा माणूस आहे. माझं नाव कोणी घेतलं नाही.

शाळेत रुजू व्हायच्या आधी ममता माझ्या कॅफेत आली. कोपऱ्यातला कॉम्प्युटर धरला आणि हेमराजचा आयडी काढून टाकला. स्वतःचं दुसरं खातं स्वतः काढलं. मी मागे जाऊन उभा राहिलो तर तिने मॉनिटर भिंतीकडे वळवला.

"पर्यायी कोणता टाकला?"

"नाही सांगत."

"अगं, मी तुझा नवरा!"

"म्हणूनच जी. तुमी उघडून पाहाल."

मी पाहिलं असतं. तिलाही ते माहीत होतं.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गोष्ट जास्तीची सांगतो. दुसरं खातं काढा, वापरात ठेवा आणि त्याचं नाव घरच्या माणसालाही सांगू नका. सांगताना अजून पोटात दुखतं, पण सल्ला बरोबर आहे.