डिस्ट्रिब्यूटरवरची लाल रेघ

“मामाजी, टायमिंग तुमीच बिघडवलं. आता इकून टाका हे गाडी,” असे माझे जावई चार लोकांत सांगतात.

जुन्या गाडीच्या इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ, म्हणजेच टायमिंग, मी घरीच डिस्ट्रिब्यूटर फिरवून लावली, हे खरे आहे. परंतु त्याचा बोल्ट आवळल्यावर, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या लाल रंगाने मी डिस्ट्रिब्यूटरपासून इंजिनपर्यंत एक सरळ रेघ ओढली होती. मग जावई गाडी जिवती गावाला घेऊन गेले. परत आल्यावर ती खडखडत होती. “मी बोनेटले हातच नाई लावला,” असे ते मी विचारण्यापूर्वीच म्हणाले. मला तेथेच संशय आला.

बोल्ट सैल केल्याशिवाय डिस्ट्रिब्यूटर हलत नाही. मी बोनेट उघडले, तेव्हा रेघेचा वरचा अर्धा भाग खालच्या भागापासून बोटभर सरकलेला होता.