चारी चाकं आणि दोन गुंठे

एकनाथ वाळंजच्या तोंडी लागू नये, हे उरवड्यात शाळेतल्या पोरांनाही ठाऊक. पिरंगुटहून उरवड्याकडे येणाऱ्या रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं गॅरेज. कारखान्यांचे टेंपो, दूधवाल्यांच्या पिकअप, कुणाची म्हातारी जीप, सगळं तिथं येणार आणि गाडीआधी मालकाची हजेरी घेतली जाणार. "ऑइल कधी बदललं हुतंस? बारशाला?" असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर विचारी. गिऱ्हाईक ऐकून घेई, कारण गाडी नीट होणार याची खात्री असे. लहानथोर त्याला नाना म्हणत. शिवी द्यायला त्याला कधी शब्द शोधावा लागला नाही.

गॅरेजची दोन गुंठे जागा त्याची. म्हणजे, त्याच्या मते त्याची. वडील भिवाजींनी बांधावर उभं राहून बोट दाखवलं होतं, "रस्त्याकडचं हे एकनाथचं." आमच्याकडं एवढ्यावर वाटण्या होतात. कागद मात्र थोरल्या भावाच्या, चंद्रकांतच्या नावावर. ट्रॅक्टरला कर्ज काढायचं तर सातबाऱ्यावर एकच नाव असलेलं बरं, असं चंद्रकांत म्हणाला आणि एकनाथनं तालुक्याला पौडला जाऊन हक्कसोडपत्रावर मुकाट सही केली. सख्ख्या भावाकडं उलटा कागद मागायचा तरी कुठल्या तोंडानं?

चंद्रकांतनं पुढं माळावरची जमीन विकली आणि त्याचा पोरगा किशोर एक जपानी टर्बो गाडी घेऊन आला. वीस वर्षं जुनी, पण काय गाडी! इंजिनाचा जोर चारी चाकांना जाणारी, ताम्हिणी घाटाच्या वळणांवर रस्त्याला चिकटून पळणारी. कंपनीनं ती इकडं विकायची कधीच बंद केलेली. किशोर ती घेऊन गावभर हिंडला. दोस्तांना घेऊन कासारसाईच्या धरणावर गेला आणि तिथं गाडी बंद पडली.

बंद पडायला काही मोठं कारण नव्हतं. पेट्रोलचा पंप मेला होता. हिंजवडीतल्या एका गॅरेजवाल्यानं घरी येऊन तो बदलला आणि गाडी सुरू झाली. पण आता ती वळेना! सरळ नीट जाई, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की मात्र कुणी मागून धरल्यासारखी अडकायची, टायर खडीवर फरफटायचे, खालून धाडधाड आवाज. दोन गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स गेला म्हणून हात वर केले. तेव्हा कुठं किशोरला काका आठवला.

"नाना, गाडी परत उभी करून द्या," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आमचे अण्णा रस्त्याकडचा पट्टा बिल्डरला द्यायचं म्हणतायत. तुमची जागा सोडून येव्हार करायला मी लावतो त्यांना. गाडी माझ्याकडं आली, की तुमचं काम झालं म्हणून समजा."

पट्टा विकायचं एकनाथच्या कानावर होतंच. गेले काही महिने झोप उडाली होती ती त्याचपायी. गॅरेज गेलं तर या वयात जायचं कुठं? दुसऱ्याच्या गॅरेजात पोरांच्या हाताखाली? भावाकडं तोंड उघडायची लाज वाटत होती, आणि हा पुतण्या आपण होऊन म्हणतोय. त्याची बायको कल्पना घरी म्हणाली, "किशोऱ्याच्या बोलण्यावर? त्यापेक्षा भावजींना सरळ इचारा की!" तर तो तिच्यावर खेकसला, "घरातलं पोरगं हाय, परकं हाय का?" तीस वर्षांच्या संसारात कल्पना गप्प बसायला शिकली होती, हे तिचं दुर्दैव आणि त्याचंही.

एकनाथनं गाडी आधी मोकळ्या माळावर नेली आणि आठाच्या आकड्यासारखी हळूहळू फिरवली. काच खाली करून कान बाहेर. मग गॅरेजात आणून पुढचं एकच चाक जॅकवर उचललं, गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि चाकाला लांब दांडा लावून जोर दिला. अशा गाडीचं उचललेलं चाक मधात पळी फिरावी तसं जड जड, पण फिरायला हवं. हे जागचं हललं नाही. तो दांड्यावर अंगानं रेलला, तरी नाही.

"गिअरबॉक्स न्हाई," तो किशोरला म्हणाला. "त्याच्या पोटात, पुढच्या न् मागच्या चाकांच्या मधी, एक कपलिंग असतंय. वळताना पुढची चाकं जास्त फिरत्यात, मागची कमी. तेवढी सूट ते देतं. ते जळून एकजीव झालंय." मग पुतण्याकडं रोखून बघत, "धरणावरनं गाडी आणली कशी रं?"

"ट्रॅक्टरनं. पुढची चाकं उचलून बांधली न् आणली वडत."

"आन् मागची रस्त्यावर?"

"मग काय डोक्यावर घिऊ? सगळ्या जीपा आपण तशाच आणतो की."

एकनाथनं कपाळावर हात मारला. आमच्या मुळशीत बंद जीप आणायची हीच रीत, आणि जीपला ती चालतेही. पण चारी चाकं एकमेकांना जोडलेली असताना मागची फिरतायत आणि पुढची बांधून जखडलेली, म्हणजे सगळा फरक त्या बिचाऱ्या कपलिंगनं सोसायचा. कासारसाईपासून उरवड्यापर्यंत! आतलं तेल शिजलं, चकत्या चिकटल्या. एकनाथनं गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर करपलेला वास, आणि चुंबक फिरवला तर त्याला लोखंडाची राखाडी पिठी. गंमत म्हणा नाहीतर काय म्हणा, ज्या ट्रॅक्टरपायी एकनाथनं हक्क सोडला, त्यानंच ही गाडी मारली होती. एकनाथनं किशोरला अशा शिव्या दिल्या की रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. किशोर हसत उभा राहिला. गरज होती ना!

नवं कपलिंग मिळणं शक्यच नव्हतं. पुण्यात भंगारवाल्यांकडं हेलपाटे घालून एकनाथनं अपघातात चेपलेल्या तशाच गाडीचा गिअरबॉक्स हुडकला. आधी बघितलेल्या दोन गिअरबॉक्सांची कपलिंगं जळलेलीच निघाली होती, या तिसऱ्याचं जिवंत होतं. मग सगळं खाली उतरवून, पिठीचा कण न् कण डिझेलनं धुऊन काढला, बेअरिंगं नवी टाकली, मागच्या शाफ्टचा झिजलेला क्रॉसचा सांधा बदलला. टेंपोवाल्यांना त्यानं परत पाठवलं, ते दुसरीकडं गेले आणि तिकडचेच झाले. पण एकनाथ खूश होता. इतकं नाजूक काम त्याच्या हाती कधी आलं नव्हतं. आणि प्रत्येक बोल्ट आवळताना तो आपलीच जागा पक्की आवळत होता, असं त्याला वाटत होतं. वेडा!

काम झालं त्या सकाळी तो गाडी घेऊन एकटाच पौडपर्यंत गेला. एसटी स्टँडसमोर स्टेअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवली. ना धक्का, ना आवाज. लोण्यासारखी वळली. त्याला इतका आनंद झाला की गाडी परत गॅरेजात न नेता तो थेट भावाच्या दारात घेऊन गेला. चंद्रकांत ओट्यावर पेपर वाचत होता.

"दादा, बघ. उभी केली गाडी," एकनाथ म्हणाला. आणि इतक्या महिन्यांत जे जमलं नव्हतं ते त्या आनंदात बोलून गेला, "आता तेवढं माझ्या जागेचं बघ. किशोर बोलला आसंल तुला."

चंद्रकांतनं चष्मा काढला. "कुठल्या जागेचं? आरं, पट्टा सगळा दिला. दसऱ्यालाच सह्या झाल्या. किशोर म्हणला, नानांना मी सांगतो." आणि एकनाथ नुसताच बघतोय म्हटल्यावर, "माझ्याकडं काय बघतूयास? तुझा हक्क तूच सोडला हुतास."

दसरा! गाडी एकनाथकडं आली होती दिवाळीनंतर. म्हणजे सह्या झाल्यावर पोरगं त्याच्याकडं आलं होतं. एकनाथनं गाडी हळू चालवत परत आणली, वाटेतले खड्डे चुकवत. स्वतःच्या हातानं जोडलेलं होतं ना, मन होईना आपटायला. घरी कल्पनाला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोराला घरातलं म्हणालात. मला परकं म्हणाला न्हाईत तेवढं बरं." ते त्याला सर्वात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी किशोर आला, तो सौरभ नावाच्या एका गिऱ्हाइकाला घेऊनच. हिंजवडीत नोकरी करणारा, मूळचा नांदेडचा पोरगा. किशोर गाडी त्याला विकत होता, हेही एकनाथला तेव्हाच कळलं. सौरभ चक्कर मारून आला तो हरखूनच. "काका, अमेझिंग! पुण्यात कुणी हात लावत नाही या गाडीला. मॅपवर तुमचं गॅरेज दिसतच नाही. टाकू का? माझ्यासारखे खूपजण शोधत येतील."

"नका टाकू," एकनाथ म्हणाला. "हितला मालक तुमच्या शेजारी उभा हाय. त्याला इचारा, हे पत्रं कधी पाडणार."

"नाना, गिऱ्हाइकापुढं कशाला..."

"मग कुणापुढं बोलू? तुझा बाप म्हणतोय किशोरनं सांगितलं न्हाई का, तू म्हणतोस गिऱ्हाइकापुढं नको. गाडी व्हईस्तवर गोड बोललास ना रं माझ्याशी! काकाला फसवताना जीभ झडली न्हाई तुझी?"

सौरभ अवघडला, फोन खिशात घालून गाडीकडं गेला. किशोर मान खाली घालून पायानं खडी उकरत राहिला. मग जवळ आला आणि अगदी मायेनं, खरंच मायेनं म्हणाला, "चिडू नका नाना. मी बिल्डरशी बोललोय. हितं बिल्डिंग झाली की खाली पार्किंगला वॉचमन लागणारच. गाड्या लावून घ्यायच्या, बास. तुमाला गाड्यांची सवय हाय."

एकनाथनं तोंड उघडलं. आयुष्यभर साठवलेल्या साऱ्या शिव्या जिभेवर आल्या होत्या. डबा घेऊन आलेली कल्पना आत पत्र्याला टेकून ऐकत उभी होती. एकनाथनं शिव्या गिळल्या आणि विचारलं,

"दिवसपाळी का रातपाळी?"