मी पुढं होते

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बॅगा तोलणं. कॅनडात, पोराच्या घरी. बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून ठेवलेला. एका बॅगेत तेवीस किलो, त्याच्या वर विमानवाले घेत न्हाईत. आमची भरली पंचवीस. त्यात दोन किलो तर नुसती काठवट — भाकरी थापायची लाकडाची. गावाहून जाताना नेलेली, आता परत न्यायची. मी म्हणालो, राहू दे इथं, तिकडं दुसरी मिळते. तर बायकोनं बॅगेतून माझा जाड कोट उपसला अन् सोफ्यावर फेकला. म्हणाली, "थंडी इथंच ठेवून चाललो, मग कोट कोणासाठी नेता?" काटा तेवीसच्या खाली आला. कोट राहिला, काठवट निघाली.

मग ती म्हणाली, "मी खाली पुढं होते, तुमी चहा घेऊन या."

हे तिचं शेवटचं बोलणं. पुढं काय झालं ते सांगतो, पण आधी माझं सांगतो.

मी सातवी शिकलेला माणूस. वय बहात्तर. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात आमचं गाव, वसमतहून जीपनं पाऊण तास. गावाचं नाव लिहीत न्हाई, लोक विचारत येतात. भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानलं न्हाई. चिंचेखाली कोणाला काही दिसलं म्हणून गावात बोंब झाली, की मी मुद्दाम त्याच चिंचेखाली जाऊन मुतून यायचो. तुमच्या या फोनवरच्या पानावर लोक भुताखेतांचं जे लिहितात ते वाचून मी हसायचो. आता माझंच लिहून राहिलो. चुका सुधारून घ्या.

बायकोचं नाव गया. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झालेली. इतक्या वर्षांत शेतातून घरी ती माझ्याबरोबर कधी आली न्हाई. दिवस कलला की गवताचा भारा डोक्यावर घ्यायची अन् म्हणायची, "मी पुढं होते." मी बैल सोडून, मोटर बंद करून घरी येईपर्यंत चूल पेटलेली असायची. लग्नाला जायचं, बाजाराला जायचं, दवाखान्यात जायचं — ती पुढं, मी मागं. लोक हसायचे. तिला त्याचं काही न्हाई.

तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची दोन पेरं कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलेली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

पोरगा गजू कॅनडात इंजिनिअर. नात वर्षाची झाली, तिला सांभाळायला म्हणून आमी गेलो. एक वर्ष म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. खायला-प्यायला कमी न्हाई, सून शीतल चांगली. पण राहायचं तळघरात. खिडकी छताजवळ, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते बूट दिसायचे. गयानं कधी तक्रार केली न्हाई, फक्त एवढंच म्हणायची — मी इथं मरणार न्हाई. मला माझ्या उंबऱ्यावर न्या. मी तिला शब्द दिला होता.

शेवटी नात पूर्णवेळ शाळेत जायला लागली अन् आमचं तिकीट निघालं. गजूनं आठवडाभर सुट्टी काढली. आई, नायगारा परत एकदा दाखवतो म्हणाला. ती म्हणाली, पाणी वरून खाली पडतं, ते एकदा पाहिलं, बस झालं. मला भेटायचं ते माणसांना.

पहिली गेली नातीच्या शाळेपुढच्या गोऱ्या म्हातारीकडं. ही बाई हातात पाटी धरून रस्त्यात उभी राहते, गाड्या थांबवते, लेकरं रस्ता ओलांडतात. दोघींना एकमेकींची भाषा येत न्हाई. तरी तीन वर्षं, नातीला फिरवायला नेलं की, रोज सकाळी बोलायच्या. गयानं तिची ओटी भरायचं ठरवलं. मी म्हणालो, तिचा नवरा आहे का न्हाई ते तरी ठाऊक आहे का तुला? म्हणाली, "बाई हाय ना? मग झालं." त्या म्हातारीला पदर कुठला, तिनं ते चमकणारं पिवळं जाकीट पुढं धरलं. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ त्यात पडले. मागं गाड्या खोळंबल्या. एकानंही हॉर्न दिला न्हाई.

मग बागेतल्या बाकड्यावरच्या पंजाबी म्हाताऱ्या. तिथं कोणी म्हातारं माणूस देशात परत निघालं की त्याला नवरदेवासारखं वागवतात, कारण निघायचं सगळ्यांना असतं अन् निघतं एखादंच. एक बीजी होती, म्हाताऱ्या आईला ते बीजी म्हणतात, अकरा वर्षांपासून तिथं. तिनं गयाचे दोन्ही हात धरले. म्हणाली, "बहनजी, तुसी जीत गए." गयाला ते एवढं आवडलं की घरी येईपर्यंत चार वेळा मला ऐकवलं.

शेवटची चक्कर तळ्यावर. नावाला तळं, पलीकडचा काठ दिसत न्हाई. नात खडे फेकून राहिली होती. गया म्हणाली, घर तीन वर्षं बंद आहे, आत पाऊल टाकायच्या आधी भाकरतुकडा ओवाळला पाहिजे. आमच्याकडं लांबून कोणी आलं की उंबऱ्याबाहेर थांबवतात, भाकरीचा तुकडा अन् पाणी त्याच्यावरून ओवाळून टाकतात. वाटेतलं काही मागं लागलं असेल तर तिथंच राहावं म्हणून. मी म्हणालो, अनसा वहिनी ओवाळील. अनसा वहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या भावाची बायको, आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर.

"तिला काय येतं? मागच्या खेपेला सगळं पाणी तुमच्या डोक्यावर ओतलं. मीच पुढं होते अन् तुमाला ओवाळते."

"एकाच विमानात बसायचं, मग तू पुढं कशी होशील?"

"ते माझं मी बघते."

वारा सुटला होता, थंडी वाजून राहिली होती, पोटात भूक. मी तिरसटून बोललो, "हो मग पुढं. कोण धरून ठेवलंय तुला?"

ती हसली. मी न्हाई.

दोन दिवसांनी बॅगा तोलल्या. मी चहाचे दोन कप घेऊन तळघरात उतरलो. ती खाली बसलेली, बॅगेला पाठ टेकून, डोळे मिटून. मी म्हणालो, चहा. परत म्हणालो. मग कप खाली ठेवले.

डॉक्टर म्हणाले हार्ट. एका मिनिटाचं काम, तकलीफ झाली नसेल. विमान परवाचं होतं.

तिकीट बारा दिवस पुढं गेलं. तिकडंच सगळं उरकलं. त्या बारा दिवसांत माझ्या डोक्यात एकच वाक्य — हो मग पुढं, कोण धरून ठेवलंय. माझ्याच तोंडून गेलं होतं. अन् शब्द दिला होता उंबऱ्यावर नेतो म्हणून, तर आता नेतोय पिशवीत. गजूला लगेच परत सुट्टी मिळेना. म्हणाला, बाबा, अस्थी घेऊन पुढं जा, दिवाळीत मी येतो अन् तुमाला परत इकडं घेऊन येतो. एकटे गावात काय करणार? मी हो म्हणालो. भांडायची ताकदच न्हाई उरली.

हैदराबादला उतरलो, तिथून रेल्वेनं नांदेड. स्टेशनवर वसमतचा पाशाभाई जीप घेऊन आला. आमची हळद त्याच्याच गाडीतून मोंढ्यात विकायला जायची, जुना माणूस. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, अन् बॅगा उचलून जीपमध्ये टाकल्या. पिशवी मी मांडीवर धरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद कमरेएवढी वाढलेली.

आदल्या दिवशी अनसा वहिनीचा फोन आला होता. लेकीचं बाळंतपण अचानक लागलं म्हणून ती सेनगावला गेली. रडत म्हणाली, "भाऊजी, मी उद्या सकाळच्या गाडीनं येते, तवर उंबरा ओलांडू नका." मी मनात म्हणालो, ओवाळणारी गेली, आता उंबरा काय अन् काय.

गावात पोचलो तेव्हा दुपारचे दोन. गल्लीत चिटपाखरू न्हाई, सोयाबीन काढायला सगळे रानात. अस्थी घरात नेत न्हाईत, म्हणून पिशवी अंगणातल्या लिंबाला टांगली. मग वळलो दाराकडं.

पायरीवर पितळी ताट. ताटात एक ज्वारीची भाकर. बाजूला पाण्यानं भरलेला तांब्या.

मला वाटलं वहिनी आली. हाक मारली. तिच्या दाराला कुलूप. आमच्याही दाराला कुलूप, मी तीन वर्षांपूर्वी लावलं तेच, गंजून लाल झालेलं. पाशाभाई ताटाजवळ उकिडवा बसला, भाकरीला बोट लावलं अन् झटकन मागं घेतलं.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "ये तो गरम है."

मी खाली वाकलो. भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवतात, त्या बोटांच्या रेघा भाकरीवर उठतात. प्रत्येक बाईच्या वेगळ्या. या भाकरीवर रेघा होत्या, अन् मधली रेघ अर्ध्यात संपलेली. मी तीच भाकर अठ्ठेचाळीस वर्षं खाल्ली. मला कोणी शिकवायची गरज न्हाई.

अन् तांब्या आमचा. त्याच्यावर कोरलेलं — चि. सौ. कां. गया हिस मामाकडून. तो मी स्वतः घरात ठेवून कुलूप लावलं होतं.

माणूस भितो म्हणतात. मला भीती वाटली न्हाई. खरं सांगतो, मला हसू आलं. पाशाभाई घाबरून माझ्याकडं बघून राहिला अन् मी लिंबाखाली उभा राहून हसतोय, डोळ्यांतून पाणी. तिकडच्या समुद्रावरून, विमानाच्या आधी, अस्थींच्याही आधी... पोचली होती म्हातारी. याही खेपेला मला पुढं होऊ दिलं न्हाई.

मी पाशाभाईला म्हणालो, तूच ओवाळ. तो म्हणाला, "मेरेकू नहीं आता चाचा." मी सांगितलं तसं त्यानं केलं. टोपी नीट केली, भाकरीचा तुकडा मोडला, माझ्यावरून तीनदा फिरवून उजवीकडं-डावीकडं टाकला. पाणी ओवाळताना थोडं माझ्या पायांवर सांडलं. वहिनीपेक्षा बरंच म्हणायचं.

मग कुलूप. किल्ली फिरेना. त्यानं जीपमधलं ऑइल सोडलं, पाच-दहा मिनिटं हिसके दिले, तेव्हा निघालं. आत जमिनीवर बोटभर धूळ, तीवर एकाही पावलाचा ठसा न्हाई. चुलीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. मांडणीत ताटाची जागा मोकळी. अन् फळीवरच्या धुळीत एक गोल, स्वच्छ, तांब्याच्या बुडाएवढा.

उरलेली भाकर आमी दोघांनी उंबऱ्यात बसून खाल्ली, अर्धी मी, अर्धी पाशाभाईनं. कालवण काही न्हाई. पुरावा मागाल तर पुरावा आमी खाल्ला. गजू फोनवर म्हणाला, बाबा, फोटो काहून काढला न्हाई? भाकरीचा कोणी फोटो काढतं का रे, ती खायची असते. मग म्हणाला, प्रवासाचा थकवा असेल. मला थकवा असेल, मान्य. पाशाभाईनं तर नुसती नांदेडहून जीप चालवली होती.

संध्याकाळी रानातून माणसं परतली तेव्हा घरोघर जाऊन विचारलं. कोणी ठेवली असेल तर सांगा, उपकार मानतो. कोणीच न्हाई. दुपारी गावात चूलच पेटली नव्हती. दुसरी किल्ली होती ती वहिनीजवळ, पण त्या कुलपात किल्ली कशी फिरत होती ते मी पाहिलंय. मी बराबर पोलिसासारखा सगळा तपास केला. काही हाती लागलं न्हाई. आजपर्यंत न्हाई. कोणाला यातलं काही कळत असेल तर कळवा. न्हाई कळवलं तरी माझं काही अडत न्हाई.

सकाळी पहिल्या गाडीनं वहिनी आली. पदराच्या गाठीतून किल्ली काढून दाखवली, रडली, मग तांब्या हातात घेऊन पुन्हा रडली. मी ते गंजकं कुलूप तिला देऊन टाकलं. म्हणालो, तुझ्या गोठ्याला लाव, मला आता लागत न्हाई. गजूला फोन केला — दिवाळीला ये, पण मला न्यायला येऊ नको, जेवायला ये. बॅग उघडून काठवट काढली, पुसली, चुलीजवळ तिच्या जागेवर ठेवली.

मग लिंबावरची पिशवी उतरवली अन् पूर्णा नदीवर गेलो. वहिनी काठावर थांबली. मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरलो, पिशवीचं तोंड सोडलं, अन् काठावरच्या वहिनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "हो पुढं, गया. मी येतो मागून."