सुनंदाचं पांढरं कार्ड

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. तिला वाटतं, मला त्या पोराचा लळा आहे, म्हणून तो येऊन गेला की मी जेवत नाही. लळा? जाऊ द्या, मुळापासूनच सांगतो.

भामरागडच्या वाटेवर एका संस्थेचं आरोग्य केंद्र आहे. तिथे मी कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्याकडे सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार फार. गावोगावचं रक्त तपासायला चंद्रपूरला जायचं, आलेले निकाल मी कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि ते बघून कार्ड लिहून द्यायचं. रक्तात काही नसेल तर पांढरं, दोष असून त्रास नसेल तर पिवळं, आजारच असेल तर लाल. इकडे लग्न जुळवताना आता पत्रिकेआधी कार्ड बघतात. दोन पिवळी एकत्र आली तर लेकरू लाल निघू शकतं, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे.

त्या वर्षी संस्थेने चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरची एक मुलगी कामाला घेतली. भराभर बोटं चालायची तिची. केंद्राच्या डॉक्टर मॅडम तिचं कौतुक करायच्या आणि इकडे माझा जळफळाट. माझी फाइल तिने उघडू नये, काही लागलं तर माझ्याच तोंडाकडे बघावं — एवढ्यासाठी मी फाइलला पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी ती मलाच उघडेना! पासवर्ड टाकताना नुसते ठिपके दिसतात. रागाच्या भरात काय टाकलं होतं, देव जाणे. माझं नाव, बायकोचं, गावाचं — शिव्यासुद्धा टाकून पाहिल्या.

मूळ कागद चंद्रपूरला होते. एक फोन करायचा होता. पण फोन केला की विचारणार, काय झालं? आणि ती मुलगी हसणार... मी कुणालाच सांगितलं नाही. कार्ड मागायला येईल त्याला म्हणायचो, मशीन बिघडलंय, नंतर या.

वारलूभाऊ मात्र परत परत आले. तळ्यावर मासे धरणारा माणूस, एकुलती एक लेक, सुनंदा. तिचं लग्न ठरत होतं आणि मुलाचं कार्ड पिवळं होतं.

"बाबू, पोरीचं कार्ड देऊन दे ना. पोराकडचे थांबून राह्यले," ते म्हणाले. "पांढरं निघालं तरच लगन, नाई तर नाई."

मी बंद फाइलकडे पाहिलं. बहुतेकांचं पांढरंच निघतं, असं मनाशी म्हटलं — आणि पांढरं कार्ड लिहिलं. त्या क्षणी मला फक्त ते समोरून जायला हवे होते.

लग्नानंतर मॅडमनी सगळे कागद चंद्रपूरहून मागवले. नव्या कॉम्प्युटरवर सगळं पुन्हा भरायचं होतं. तेव्हा कळलं. सुनंदा पिवळी. तिला अजून दिवसही गेले नव्हते. त्यांचं गाव काही लांब नाही, गाडी काढून गेलो असतो तर? गेलो नाही. नोंद पिवळी भरली आणि चहा प्यायला गेलो.

मुलगा झाला. वर्षाच्या आत त्याचे हातपाय सुजायला लागले, रडून रडून निळा पडायचा. त्याचं लाल कार्ड मीच लिहिलं. मग एक दिवस सासरची माणसं वारलूभाऊंना घेऊन केंद्रात आली. कॉम्प्युटरमध्ये पिवळं, हातातलं कार्ड पांढरं! बापाने खोटं कार्ड करून पोरगी गळ्यात मारली, असं त्यांचं म्हणणं. कार्डावरचं अक्षर घामापाण्याने पुसट झालं होतं. मॅडमनी मला विचारलं, हे तू लिहिलंस का?

"तूच तर देल्लं ना, बाबू," वारलूभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, माझं अक्षर नाही.

वारलूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग चपला घातल्या. सुनंदाला त्याच आठवड्यात माहेरी आणून सोडलं. तिलाही तेच वाटतं, बापाने फसवलं म्हणून. ती त्यांच्याच घरात राहते, त्यांनी धरलेले मासे रांधते, पण त्यांच्याशी बोलत नाही.

पोराच्या गोळ्यांसाठी ती केंद्रात येते. आत आली की त्याला म्हणते, "मामाच्या पाया पड." तो वाकतो. गुडघे दुखतात त्याचे, तरी वाकतो. मी गोळ्या देतो, नोंद करतो.

वारलूभाऊ बाहेर मोहाच्या झाडाखाली सायकल धरून उभे असतात. आत येत नाहीत. मी बाहेर पडलो की आज तरी शिवी देतील, असं मला दर वेळी वाटतं. ते म्हणतात, "राम राम, बाबू."

मीही राम राम म्हणतो.